तीनशे दोनमधला माणूस

“जगाला डोळे दोन असतात, छोटेराव. मला तिसरा आहे. माझ्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर त्याचे पाय मला पाळण्यातच दिसतील.”

असं म्हणून दाजींनी रिसेप्शनच्या काउंटरवर ऐटीत कोपर टेकलं. ते नेमकं शिक्क्याच्या ओल्या पॅडवर टेकलं. पुढचा सगळा तपास त्यांनी बाहीवर जांभळा डाग घेऊन केला, आणि त्या डागाकडे त्यांच्या तीनपैकी एकाही डोळ्याचं शेवटपर्यंत लक्ष गेलं नाही.

ज्यांना ते छोटेराव म्हणत होते ते पंचेचाळिशीचे, डोक्यावर विरळ झालेले आणि त्या इमारतीचे मॅनेजर होते. थोरल्या बहिणीनं लहानपणी ‘छोट्या’ म्हणून हाक मारली ती चिकटली, आणि दाजी हे त्या बहिणीचे यजमान असल्यामुळे त्यांनी तिला ‘राव’ जोडून मेव्हण्याला मान दिला. मान तेवढाच. बाकी मेव्हणा म्हणजे आपला जन्मजात मदतनीस, अशी दाजींची समजूत होती.

दाजींची हयात वजनमापे खात्यात गेली. दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारता मारता माणूस जोखायची नजर आपल्याला आली, असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर ते गुप्तहेर झाले. गुप्त इतके, की गिऱ्हाइकांनाही पत्ता लागला नाही. आजवरचं त्यांचं मोठं यश म्हणजे शेजारच्या बेपत्ता गृहस्थांचा शोध. ते गृहस्थ मुलीकडे राहायला गेले होते आणि जाताना आख्ख्या इमारतीला सांगून गेले होते. दाजींना तेवढं सांगितलं नव्हतं, कारण दाजी बोलायला लागले की माणसाची गाडी चुकते.

आता प्रकरण काय होतं, ते सांगायला हवं.

मॅनेजरची इमारत म्हणजे महिना-दोन महिने मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेले फ्लॅट. पलंग, कपाट, छोटं स्वयंपाकघर, रोजची झाडलोट, सगळं तयार. मालकीणबाई एकदा कसल्याशा प्रदर्शनाला गेल्या आणि येताना वीजबचतीचं वेड घेऊन आल्या. वेड नुसतं आलं असतं तर ठीक होतं, पण त्याच्यासोबत कंपनीची माणसंही आली. त्यांनी प्रत्येक फ्लॅटच्या छताला एक पांढरी गोल डबी बसवली. तिला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण सगळे तिला ‘डोळा’ म्हणू लागले. दार उघडून कोणी आत आलं की डोळा ते हेरायचा, दिवे लावायचा, एसी सुरू करायचा. दहा मिनिटं खोलीत काहीच हललं नाही, की खोली रिकामी आहे असं समजून सगळं बंद. खाली काउंटरवरच्या स्क्रीनवर प्रत्येक फ्लॅटचा एक ठिपका असायचा. माणूस असला की हिरवा, नसला की करडा.

युक्ती चांगली होती, पण माणसानं सतत वळवळत राहायला हवं ही अट जरा जाचक होती. अंघोळीत रेंगाळणारे पाहुणे अंधारात साबण चाचपू लागले. दुसऱ्या मजल्यावर वाचत बसणाऱ्या एका प्राध्यापकांना दिवा राखण्यासाठी अधूनमधून हात हलवावा लागायचा. समोरच्या इमारतीतल्या एक बाई काही दिवसांनी उलट हात हलवू लागल्या. प्राध्यापकांनी मुक्काम वाढवला, म्हणून त्या तक्रारीचं पुढे काही झालं नाही.

भानगड होती ती तीनशे दोनची. तो फ्लॅट रिकामा होता. कुलूपबंद होता. तरीही स्क्रीनवर त्याचा ठिपका दिवसभर हिरवागार असायचा. मॅनेजर वर जाऊन पाहायचा तर आत कोणी नसायचं, पण दिवे लख्ख आणि एसी असा चाललेला की भाजी ठेवली तर टिकावी. तो रिमोटनं एसी बंद करून खाली यायचा, थोड्या वेळानं ठिपका करडा व्हायचा. दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशी काम आटोपून बाहेर पडल्या की पुन्हा हिरवा.

कंपनीच्या माणसांनी येऊन डबी तपासली आणि ती ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. हलल्याशिवाय ती दिवा लावत नाही, म्हणजे आत काहीतरी हलतंय, आणि काय हलतंय ते बघणं आमचं काम नाही, असं सांगून ती गेली. मग मालकीणबाईंचा फोन आला. त्यांच्या घरीही तो स्क्रीन दिसायचा.

“तीनशे दोनमध्ये कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नसतं, बाई.”

“स्क्रीन म्हणतोय असतं. मी उद्या दुपारी येतेय. त्या खोलीत जो कोणी आहे त्याला शोधा आणि काढून टाका. आणि तुम्हाला सापडला नाही, तर तो तुम्हीच, असं मी धरून चालेन.”

मॅनेजरनं फोन खाली ठेवला. काळजी स्वतःची होतीच, पण त्याहून जास्त मावशींची होती. त्या फ्लॅटची दुसरी किल्ली मावशींकडे होती, ठिपका हिरवा व्हायचा तो त्या येऊन गेल्यावरच, आणि हे मालकीणबाईंना कळायला फार वेळ लागणार नव्हता. मॅनेजर या इमारतीत नवखा असताना चादरीचे कोपरे कसे मुडपायचे इथपासून कोणता पाहुणा टॉवेल पळवील इथपर्यंत सगळं त्याला मावशींनी शिकवलं होतं. रोज सकाळचा चहा दोघं काउंटरमागे बसून घेत. ही कुणकुण लागल्यापासून मावशी चहाला यायच्या बंद झाल्या होत्या. येता-जाता मान खाली घालायच्या. तो एकटा चहा मॅनेजरला गोड लागत नव्हता.

मन मोकळं करावं म्हणून त्यानं रात्री बहिणीला फोन केला. ताईनं ऐकून घेतलं, चूक झाली ती एवढीच, की फोन स्पीकरवर होता. सकाळी दार उघडलं तर दाजी हजर. पिशवीत एक भिंग, पावडरचा डबा आणि ताईचे गरम भांडी उतरवायचे जाडजूड हातमोजे. ठसे राहू नयेत म्हणून, असं दाजींनी सांगितलं. कोणाचे, ते सांगितलं नाही.

पहिला सिद्धांत लिफ्टमध्येच तयार झाला. तीनशे दोनमध्ये एक इसम लपून राहतो. मॅनेजर दार उघडतो तेव्हा तो पलंगाखाली जातो, पलंगाखाली पाहिलं की कपाटात, कपाट उघडलं की पुन्हा पलंगाखाली. अशा इसमाला पकडायचा मार्ग एकच, पावलांचे ठसे. दाजींनी दारापासून खिडकीपर्यंत मागे मागे सरकत पावडर अंथरली. खिडकीशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आत आहोत. मग ते पावडरीवरून चालत बाहेर आले, एसी तसाच चालू ठेवून त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि तासाभरानं उघडलं. खाली ठिपका हिरवाच होता.

दाजी हातमोजे घालून रांगत रांगत फिरले. भिंग डोळ्याला, नाक जमिनीला. तीनदा शिंकले. उठले तेव्हा चेहरा गंभीर होता आणि पांढराही.

“छोटेराव, बाहेर जाणारी पावलं आहेत. आत येणारी एकही नाहीत. हा माणूस खोलीतून बाहेर पडलाय, पण आत कधी गेलेलाच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे तो इथलाच आहे. आणि त्याचे बूट माझ्याच मापाचे आहेत. काहीतरी मोठं कारस्थान आहे, माझ्यावर आळ यावा म्हणून रचलेलं.”

ती पावलं तुमचीच आहेत, हे मॅनेजरनं शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. दाजी म्हणाले, मीही तेच म्हणतोय, तसं दाखवायचा त्यांचा डाव आहे. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण दाजींना मारण्याइतके शब्द मॅनेजरजवळ नव्हते. तो फडकं आणायला गेला.

दुसरा सिद्धांत कानातून आला. बाहेर उभं राहून दाजींनी दाराला कान लावला, आणि आतून आवाज आला. टक्. थोडं थांबून, टक् टक्. मॅनेजरनंही ऐकला. एवढं नक्की की तो आवाज खरा होता. दाजी मात्र खुलले. ही सांकेतिक भाषा आहे, असं ते कुजबुजले. एक टक म्हणजे क, दोन म्हणजे ख, असं धरून त्यांनी टकटक मोजायला घेतली. बोटं संपली तेव्हा मॅनेजरची घेतली. बऱ्याच वेळानं टकटक क्षणभर थांबली आणि अक्षर निघालं ‘ढ’.

“इशारा आहे,” दाजी म्हणाले.

मॅनेजरला तो इशाऱ्यापेक्षा शेरा वाटला, पण मोठ्या माणसाला असं तोंडावर कसं सांगायचं?

टकटक आहे म्हणजे कोणीतरी भिंत पोखरतंय, आणि शेजारी तीनशे तीनमध्ये राहतात एक दंतवैद्य. पोखरणं हा ज्यांचा धंदाच आहे. दाजींच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो दहा मिनिटांनी आपोआप बंद होणारा नव्हता, हीच तर अडचण होती. तुम्ही इथेच थांबा, मी त्यांना बोलतं करतो, असं सांगून ते दंतवैद्यांकडे गेले. पाऊण तासानं बाहेर आले ते गाल धरून. उलटतपासणीसाठी दाजींनी तोंड उघडलं तेवढ्यात दंतवैद्यांना त्यांची डावीकडची दाढ दिसली, आणि ती लवकरात लवकर काढायला हवी असं निघालं. भिंतीचा विषय काढायला सवड झाली नव्हती.

“मुद्दाम माझं तोंड बंद करायला बघतोय,” दाजी म्हणाले. पण अर्धं तोंड धरलेलं असल्यामुळे ते नीट कळलं नाही.

दुपार कलू लागली. मालकीणबाई कोणत्याही क्षणी येतील, या धास्तीनं मॅनेजरचं लक्ष कशात लागेना. आणि नेमक्या याच वेळी दाजींनी तिसरा सिद्धांत काढला. पहिल्या दोनांवर मॅनेजर मनात तरी हसला होता. हा ऐकून त्याचा चेहरा उतरला.

“किल्ली कोणाकडे? मावशींकडे. ठिपका हिरवा कधी होतो? मावशी येऊन गेल्यावर. येऊन गेल्यावर, असं त्या म्हणतात. जातच नाहीत. झाडलोट झाली की आत पडून राहतात, मस्त गार हवेत. तुम्ही वर आलात की मागच्या जिन्यानं पसार. प्रकरण निकालात. मालकीणबाईंना मीच सांगतो.”

पहिल्यांदाच मॅनेजरचा आवाज चढला. मावशींबद्दल एक शब्द बोलायचा नाही, असं त्यानं दाजींना बजावलं. पण मावशी मागेच बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बादली खाली ठेवून त्या मॅनेजरकडे बघत म्हणाल्या, “साहेब, मी त्या पलंगावर टेकतसुद्धा नाही. टेकले तर या गुडघ्यांना मला उठवता येत नाही. पण तुम्हाला नाव द्यावंच लागणार असेल तर द्या माझं. तुमची नोकरी नको जायला.”

मॅनेजरला रडू येईल असं वाटलं आणि रागही आला. मावशींचा नाही, दाजींचाही नाही, छतावरच्या त्या पांढऱ्या डबीचा. दिवसभर टक लावून बघते, पण काय बघितलं ते सांगत नाही.

एवढ्यात लिफ्ट उघडली आणि ताई आली. दाजी ब्लडप्रेशरची गोळी घरीच विसरले होते. नवऱ्याच्या चेहऱ्यावरची पावडर, हातातले आपले हातमोजे आणि बाहीवरचा जांभळा डाग हे सगळं तिनं एका नजरेत टिपलं आणि कशाबद्दलच काही विचारलं नाही. तीस वर्षांचा संसार माणसाला एवढं शिकवतो. तिनं फक्त पाणी कुठे मिळेल ते विचारलं.

पाणी तीनशे दोनमध्येच होतं. सगळे आत गेले. प्रेक्षक वाढलेले पाहून दाजींना चेव आला. गोळी गिळून त्यांनी अखेरचा प्रयोग जाहीर केला. या डोळ्याला फसवता येत नाही हे मला सिद्ध करायचंय. आपण चौघांनी पुतळ्यासारखं बसायचं. कोणी हलायचं नाही. दहा मिनिटांत दिवे जातील, आणि मग कळेल की खोली खरंच रिकामी असली तर दिवे जातातच. म्हणजे इथे रोज कोणीतरी जितंजागतं असतं. म्हणजे कोण, असं म्हणून त्यांनी मावशींकडे बघितलं, आणि मग न हलायचं आठवून तसेच बघत राहिले.

पडदे ओढले. तिघं बसले. मावशी उभ्याच राहिल्या, गुडघ्यांमुळे. एसी घुमत होता. दाजींच्या दाढेत कळ आली तरी ते हलले नाहीत, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. मॅनेजर डोळ्याच्या कोपऱ्यातून घड्याळ बघत होता. दहा मिनिटं झाली. बारा झाली. पंधरा झाली. दिवे होते तसेच लख्ख.

दाजींचा तिसरा सिद्धांत इथे आडवा पडायला हवा होता. पण ते ओठ न हलवता, घोगऱ्या आवाजात म्हणाले, “या खोलीत आपल्याशिवाय पाचवं कोणीतरी आहे.”

मावशींनी पदर घट्ट आवळला.

“आहे की,” ताई म्हणाली. “ती काय समोर. मघापासून डुलतेय आणि भिंतीवर टकटक करतेय. माझं डोकं उठलं.”

सगळ्यांनी समोर बघितलं. एसीच्या बरोबर खाली, भिंतीवरच्या खिळ्याला दोरीनं अडकवलेली पाटी वाऱ्यानं इकडून तिकडे झुलत होती. तिच्यावर मालकीणबाईंचा कमरेपर्यंतचा हसरा फोटो होता आणि खाली त्यांनीच रचलेल्या ओळी:

जाता-येता मला आठवा,
थेंब थेंब वीज साठवा.

वीज अशी साठवता येत नाही, आणि तिचे थेंबही नसतात, हे इलेक्ट्रिशियननं तेव्हाच सांगून पाहिलं होतं. पण ‘आठवा’ला दुसरं यमक मिळत नव्हतं. वीजबचतीचं महत्त्व पटावं म्हणून मालकीणबाईंनी ही पाटी प्रत्येक फ्लॅटमध्ये लावायला सांगितली होती. बाकी फ्लॅटमध्ये ती भिंतीला चिकटवली होती. तीनशे दोनच्या भिंतीला ओल असल्यामुळे चिकटपट्टी धरेना, म्हणून मॅनेजरनं दोरी बांधून टांगली होती, एवढाच काय तो फरक.

मावशी झाडायला येत, एसी सुरू होई. एसीच्या वाऱ्यानं मालकीणबाई हलू लागत. मालकीणबाई हलतात हे बघून डोळा एसी चालू ठेवी. आणि एसी चालू आहे म्हणून मालकीणबाई हलत राहत. वीज वाचवा, वीज वाचवा, असं सांगत त्या दिवसभर वीज खात होत्या.

ताईनं उठून पाटी उतरवली आणि फोटो खाली करून पलंगावर ठेवली. टकटक थांबली. पुन्हा सगळे पुतळे झाले. दहा मिनिटांनी दिवे गेले, एसी गप्प झाला, आणि त्या मिट्ट काळोखात दाजींचा आवाज आला, “मी तर पहिल्यापासून म्हणत होतो की हा आतलाच माणूस आहे.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

गाडी लावायला जागा मिळेपर्यंत पंधरा मिनिटं गेली, तोवर सगळे खाली उतरले होते. मालकीणबाई आत आल्या त्या चप्पल वाजवत. स्क्रीनवर तीनशे दोनचा ठिपका करडा दिसत होता, तो त्यांनी आधी बघितला. मग काउंटरसमोर उभ्या राहिल्या. आपण गुप्तहेर आहोत आणि गुप्तहेरानं गुप्त राहायचं असतं, हे दाजींना ऐन वेळी आठवलं. ते मोठ्या कुंडीमागे गेले. ताई पिशवी आवरत होती. मावशी जिन्याशी उभ्या होत्या, हात पदराला पुसत. मावशींकडे बघून मॅनेजरला धीर आला.

“सापडला?” मालकीणबाईंनी विचारलं.

“सापडला, बाई.”

“काढून टाकलं?”

“टाकलं. आत्ताच.”

“कोणाला?”

“तुम्हाला.”

मग मॅनेजरनं वरून आणलेली पाटी पुढे केली आणि एका दमात सगळं सांगितलं. दोरी, ओल, एसी, वारा, डोळा. दोरी आपणच बांधली हेही सांगितलं. कुंडीमागून दाढेचं कण्हणं ऐकू आलं. मालकीणबाईंनी पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. रागवायचं तर कोणावर, हाच प्रश्न होता. शेवटी त्यांनी अगदी वेगळंच विचारलं.

“फोटो बरा आलाय ना पण?”

उत्तर दिलं ते मावशींनी, आणि त्यात काडीचाही खवचटपणा नव्हता.

“छानच आलाय, बाई. मशिनलासुद्धा माणूस वाटला.”